शेवटपर्यंत आणि शेवटी

मराठी घेऊन एम.ए. केलं आणि पहिली नोकरी लागली ती दुसऱ्यांनी लिहिलेलं मराठी बिघडवण्याची. आज मी हे सरळ लिहू शकते. तेव्हा कोणी विचारलं तर "कंटेंट लिहिते" असं सांगायचे. आई शेजारणींना सांगायची, पोरगी कॉम्प्युटरवर लेख लिहिते, आणि मी तिला कधी दुरुस्त केलं नाही.

ऑफिस भिवंडीत, कल्याण नाक्याच्या पुढे, कापडाच्या एका दुकानावर दुसऱ्या मजल्यावर होतं. आम्ही पाच-सहा जण. मालक भिवंडीजवळच्याच एका गावचा. घरच्या शेतांवर गोदामं उभी राहिली, ती भाड्यानं गेली, आणि ह्याला स्वतःचं काहीतरी वेगळं करायचं होतं म्हणून त्यानं मराठी वेबसाइट काढल्या. एक आरोग्याची, एक शेतीची, एक मोबाइलची, एक राशिभविष्याची. लोक पान उघडतात, पानावर जाहिराती दिसतात, त्यावर सगळं चालतं. माणूस तोंडानं गोड होता. आजारपणात सुट्टी द्यायचा, आवाज चढवायचा नाही. त्याचा राग यायला मला त्यामुळेच फार वेळ लागला.

लेख आम्ही लिहीतच नव्हतो. सकाळी प्रत्येकाच्या संगणकावर सात-आठ लेख येऊन पडलेले असत. दुसऱ्या कोणाच्या तरी वेबसाइटवरून उचललेले. आमच्याकडे एक सॉफ्टवेअर होतं. त्यात लेख टाकला की मूळ लेखाशी जुळणारी सगळी वाक्यं लाल दिसायची. आपण शब्द बदलत जायचं. पुरेसे बदलले की लाल जाऊन हिरवं व्हायचं. सगळं पान हिरवं झालं की ते आपलं. एखादा शब्द सुचला नाही तर सॉफ्टवेअरच त्यावर प्रतिशब्दांची यादी उघडायचं, त्यातला कुठलाही टिचकी मारून घ्यायचा.

त्या यादीला मराठी येत नव्हतं. 'धोका' या शब्दावर संकट, जोखीम, दगा, फसवणूक असे चार शब्द यायचे. माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलानं एकदा घाईत 'यामुळे हृदयाला धोका आहे' याचं 'यामुळे हृदयाला दगा आहे' करून टाकलं. आम्ही पोट धरून हसलो. ते पान तसंच वर गेलं. हसणाऱ्यांत मी होते, हे इथे लिहून ठेवते.

पहिल्या आठवड्यात मी मालकाला विचारलं होतं, "सर, हे दुसऱ्याचं आहे, मग त्याचं नाव खाली द्यायचं का?"

तो म्हणाला, "मॅडम, भाषा कोणाची हाय? सगल्यांची. शब्द पन सगल्यांचे. आपन फकस्त जागा बदलतो."

"आणि अर्थ बदलला तर?"

"अर्थ न्हाय बघायचा. हिरवं झालं का, येवढंच बघायचं."

मी परत विचारलं नाही. त्याच्या आधी दोन वर्षं मी एका खासगी शाळेत तासांवर शिकवत होते, आणि दर जूनमध्ये 'यंदा बघू' हे ऐकून कंटाळले होते. इथे निदान खुर्ची माझी होती.

आणि खरं सांगायचं तर मी ह्या कामात हुशार निघाले. बाकीचे यादीतले शब्द घ्यायचे. मी वाक्याची मोडणीच बदलायचे. कर्तरी वाक्याचं कर्मणी करायचं, दोन वाक्यांचं एक करायचं, नकार असेल तर होकारानं सांगायचं. कॉलेजात व्याकरणाच्या तासाला जे शिकले ते सगळं इथे वापरलं. माझी पानं सगळ्यात लवकर हिरवी व्हायची. मालक नव्या लोकांना माझ्या टेबलापाशी आणून सांगायचा, "मॅडमचं बघून शिका." मला ते आवडायचं.

मग एके दिवशी तो लेख आला.

फोनच्या प्रोसेसरचा वेग कंपनीनं ठरवलेल्या मर्यादेच्या वर कसा न्यायचा, ह्याबद्दल तो होता. इंग्रजीत ह्याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. आमच्या भिवंडीत ही गोष्ट कोणालाही चटकन कळेल. माझे वडील लूमवर फिटर होते. माल लवकर हवा असला की कारखानदार मोटरची पुली बदलायला लावायचे. लूम जोरात चालायचा, कापड जास्त निघायचं, पण धागे तुटायचे, आणि एखादा जुना लूम गरम होऊन बसायचा. फोनचंही तसंच. वेग मिळतो, पण किती द्यायचा हे माहीत हवं.

लेख कोणीतरी एका माणसानं स्वतःच्या ब्लॉगवर लिहिलेला होता. शुद्ध हौसेनं. इतकं चांगलं तांत्रिक मराठी मी त्याआधी वाचलं नव्हतं. 'कर्नल म्हणजे फोनच्या आतला मुकादम. कोणाला किती काम, हे तो ठरवतो,' असं त्यानं लिहिलं होतं. 'प्रोसेसरमध्ये एक घड्याळ असतं. त्याच्या प्रत्येक ठोक्याला एक काम होतं. आपण काय करणार आहोत, तर ठोके वाढवणार आहोत.' पुढे एका ठिकाणी, 'फोनच्या पाठीला हात लावा. हातात धरवत नाही इतका चहाचा कप गरम असतो, तसा लागला तर तिथेच थांबा. तुमचा फोन एवढाच पळू शकतो, त्याला दोष देऊ नका.'

आणि मधोमध, चौकटीत, एक इशारा. तो मला आता पाठ आहे.

'वेग एका वेळी एकच पायरी वाढवा. प्रत्येक पायरीनंतर अर्धा तास फोन नेहमीसारखा वापरा. झेपलं नाही तर फोन अडकेल. घाबरू नका, बंद करून परत सुरू करा, तो आपल्या जुन्या वेगावर येईल. पण एका अटीवर. "फोन सुरू होताना लागू करा" हा पर्याय शेवटपर्यंत बंद ठेवा. तो चालू असेल तर फोन दर वेळी त्याच न झेपणाऱ्या वेगानं उठेल आणि दर वेळी पडेल, आणि तुम्हाला आत शिरायला वाटच उरणार नाही.'

मी लेख सॉफ्टवेअरमध्ये टाकला. सगळं लाल.

मी कामाला लागले. मुकादमाचा पर्यवेक्षक झाला. घड्याळाचं कालमापक झालं. 'चार कोअर', म्हणजे प्रोसेसरचे चार भाग, या शब्दांवर यादीनं गाभा, गर आणि गाभारा सुचवलं. मी गाभा घेतला आणि गाभारा घेतला नाही ह्याचं मला त्या दिवशी समाधान वाटलं. चहाच्या कपाचं 'उष्ण पेयाचे पात्र' झालं. 'फोनला दोष देऊ नका' हे वाक्य कसंही फिरवलं तरी लाल राहायचं, म्हणून काढून टाकलं. एका माणसानं समोर बसून सांगितल्यासारखं लिहिलेलं पान तासाभरात सरकारी परिपत्रकासारखं झालं.

चौकट मात्र हिरवी होईना. त्यातलं एकेक वाक्य दुसऱ्याला धरून होतं. एक हलवलं की पुढचं कळेनासं व्हायचं. मी मालकाला बोलावलं.

त्यानं वाचलं. म्हणाला, "ही चौकट कशाला? काढून टाका. लोक घाबरतात आन् पान बंद करतात."

"सर, हीच तर महत्त्वाची आहे. ही काढली तर लोक फोन घालवतील."

"मग एक ओळ ठेवा. खाली. जाहिरातीच्या खाली."

"का करायचं नाही ते तरी सांगायला हवं."

"मॅडम," तो हसून म्हणाला, "अजून पाच लेख पडलेत तुमचे."

मी कारण सांगणारी वाक्यं काढली. चौकट काढली. एक ओळ ठेवली आणि ती पानाच्या तळाशी नेली. 'शेवटपर्यंत बंद ठेवा' हे तीन शब्द लाल होते. मी 'अखेरपर्यंत' करून पाहिलं, लालच. 'ठेवा' बदललं. मग 'पर्यंत' काढलं. ओळ अशी झाली: 'फोन सुरू होताना लागू करण्याचा पर्याय शेवटी बंद करावा.' हिरवं झालं. मी पुढचा लेख उघडला. तो केळीच्या खताचा होता.

'शेवटपर्यंत बंद ठेवा' आणि 'शेवटी बंद करावा'. पाचवीतल्या मुलाला विचारलं तर तो फरक सांगेल. मला एम.ए.ला भाषाविज्ञान होतं.

माझा मोठा भाऊ टेम्पो चालवतो. पडघा, अंबाडी, दापोडे, असा त्याचा दिवस जातो. गोदामातून माल उचलायचा आणि दुकानांना द्यायचा, किंवा उलट. सगळं काम फोनवरच्या एका ॲपवर. कुठे जायचं ते ॲप सांगतं, गोदामाच्या गेटवर ॲपमधला कोड दाखवावा लागतो, तेव्हा गाडी आत जाते. त्याचा फोन जुना घेतलेला होता. आधीच्या मालकानं त्यात बरीच उलथापालथ करून ठेवली होती; कंपनीनं लावलेली कुलपं उघडलेली होती. ॲपचं नवं रूप आलं आणि तो फोन अडखळायला लागला. गेटवर कोड उघडायला पाच-पाच मिनिटं, मागे गाड्यांची रांग, आणि हॉर्न.

मी ज्या वेबसाइटसाठी काम करते ती त्याला माहीत होती. मीच कधीतरी कौतुकानं दाखवली होती. त्यानं तिथे फोनचा वेग वाढवायचं पान शोधलं. मला विचारलं नाही. नंतर म्हणाला, विचारायचं काय त्यात, तूच तर लिहिलेलं होतंस.

मला त्याचा फोन आला तो अनोळखी नंबरवरून, दुपारी दोनच्या सुमारास.

"बाय, मी दापोड्याला गेटवर हाय. दुसऱ्या ड्रायव्हरचा फोन घेतलाय. माझा फोन येडा झालाय. चालू होतो, कंपनीचं चित्र येतं, बंद होतो. परत चालू, परत बंद. तापलाय पण लय. सकाळपासून हेच चाललंय."

"काय केलंस तू?"

"तुझ्या पानावर होतं तेच. सगळं बरोबर केलं, स्टेप बाय स्टेप."

"तो सुरू होताना लागू करायचा पर्याय," मी म्हटलं, "तो चालू केलास का?"

"हो. तुम्हीच लिहिलंय ना, शेवटी बंद करा. शेवटी बंद करायचं म्हणजे आधी चालू पाहिजे. म्हणून मी चालू केलं. बंद करायच्या आधीच फोन गेला."

त्यानं चूक केली नव्हती. त्यानं एका मराठी वाक्याचा मराठी अर्थ लावला होता.

टेम्पोत आदल्या दिवशी दुकानांतून उचललेला माल, आणि गेटवरचा माणूस कोड दाखवल्याशिवाय आत सोडेना. त्याचंही बरोबर होतं, त्याला तेच सांगितलेलं. भाऊ संध्याकाळपर्यंत त्या गेटबाहेर उभा राहिला. मागच्या गाड्यांना वाट द्यायला टेम्पो तीनदा मागे-पुढे केला. ॲपनं गृहीत धरलं की हा माल घेऊन गायब झालाय, आणि त्याचं खातं बंद केलं. ते परत उघडायला कागदपत्रं घेऊन ॲपवाल्यांच्या ठाणे शहरातल्या ऑफिसच्या चकरा माराव्या लागल्या आणि पंधरा दिवस गेले. नऊ वर्षं हा माणूस ह्या रस्त्यांवर गाडी चालवतोय, कधी एक खोका इकडचा तिकडे झाला नाही. त्याला तिथे एका मुलीसमोर बसून लेखी द्यावं लागलं की मी माल चोरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी सुट्टी टाकली आणि त्याच्यासोबत मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात गेले. दुकानदार वयानं पन्नाशीचा, उत्तर प्रदेशातून लहानपणी आलेला. अर्धं मराठी, अर्धं हिंदी बोलणारा. त्यानं फोन हातात घेतला, कंपनीचं चित्र येताना-जाताना दोनदा पाहिलं आणि विचारलं, "स्पीड बढाया था क्या? कुठून बघून केलं?"

भावानं माझ्या फोनवर पान उघडून त्याच्यापुढे धरलं. दुकानदारानं चष्मा लावला. जाहिराती सरकवत सरकवत तळाशी गेला. ती ओळ त्यानं मोठ्यानं वाचली, अडखळत, आणि परत एकदा वाचली.

"ये तो उलटा लिखा है," तो म्हणाला. "हे आधीपासून बंदच ठेवायचं असतं. किसने लिखा है ये? ज्याने लिहिलं त्याला फोनबद्दल काही माहीत नाही, किंवा मराठी येत नाही."

भाऊ माझ्याकडे बघत होता. मीच म्हटलं, "मी लिहिलंय."

दुकानदारानं चष्मा काढला. त्याला अवघडल्यासारखं झालं असावं. "दीदी, होतं असं," तो म्हणाला. मग चष्मा पुसत, "पण मग आता बरोबर करून टाका ना. कोई और भी पढ़ेगा."

फोन सुरू झाला. आतलं सगळं पुसावं लागलं. माल घेणाऱ्या दुकानदारांचे नंबर, डिलिव्हरीच्या सह्यांचे फोटो, कुठल्या गल्लीत टेम्पो शिरतो आणि कुठल्या नाही ह्याच्या भावानं स्वतःच्या आवाजात करून ठेवलेल्या नोंदी. परत येताना भाऊ फक्त एवढंच म्हणाला, "तू वाचत न्हाईस का, लिहिताना?" त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

दुरुस्तीवाल्यानं सांगितलेली गोष्ट इतकी साधी होती की मला वाटलं दहा मिनिटांचं काम आहे. ऑफिसात जाऊन मालकाला सगळं सांगितलं. भावाचं सांगितलं, गेटचं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, पाणी मागवलं, वाईट वाटलं म्हणाला. मनापासून म्हणाला असेल.

मी म्हटलं, "मी ती ओळ आत्ता बदलते."

"थांबा," तो म्हणाला. "ते पान चांगलं चाललंय. शोधल्यावर वरती येतं. आता हात लावला तर खाली जाईल."

"सर, ते पान चुकीचं आहे."

"पन आपन खाली लिहिलंय ना, स्वतःच्या जबाबदारीवर करा म्हनून."

"चुकीचं सांगायचं आणि वर जबाबदारी त्याची?"

"मॅडम, ती ओळ तुम्हीच लिहिलीत."

ते खरं होतं. आणि त्या क्षणी मला त्याचा भयंकर संताप आला. कारण ती ओळ मी लिहिली होती, चौकट त्यानं काढायला लावली होती, कारणं मी पुसली होती, हिरव्या रंगाची घाई त्याची होती, आणि एवढं सगळं झाल्यावर ते पान कोणाचंच नव्हतं. खाली लेखक म्हणून 'टीम' असं लिहिलेलं होतं. टीम म्हणजे कोण, हे माझ्या भावानं कोणाला विचारायचं होतं?

मी जागेवर गेले आणि पान उघडून ती ओळ बरोबर केली. चौकटही परत टाकली. दुपारी बघितलं तर पान पूर्वीसारखं झालं होतं. मी पुन्हा बदललं. संध्याकाळी माझा पासवर्ड चालेना. मालक म्हणाला, "दोन दिवस आराम करा, डोकं शांत होऊ द्या." मी पिशवी उचलली आणि खाली उतरले. परत गेले नाही.

घरी बसल्यावर मला त्या मूळ माणसाची आठवण झाली. वर्षभरात मी शेकडो लेख बिघडवले, पण ते लिहिणारे कोणीतरी असतील हे माझ्या मनात कधी नीट आलंच नव्हतं. त्याच्या ब्लॉगवर खाली अभिप्रायाची जागा होती. मी तिथे सगळं लिहिलं. मी कोण, काय केलं, कोणती ओळ कशी उलटी झाली, भावाचं काय झालं. तीनदा लिहून खोडलं. चौथ्यांदा पाठवलं आणि सोबत माझा नंबर दिला.

तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. आवाज वयस्कर. विदर्भाकडचे, एका तंत्रनिकेतनाच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते, आता निवृत्त. मी माफी मागायला सुरुवात केली तर त्यांनी मध्येच थांबवलं.

"मॅडम, चोरलं तर चोरलं. आमचं कोण वाचत होतं तसंही. पण नीट तरी चोरायचं होतं."



"त्या चौकटीसाठी मी माझे दोन फोन घालवले," ते म्हणाले. "एक माझ्या मुलीचा. तेव्हा कुठे कळलं की ते शेवटपर्यंत बंद ठेवायचं असते. मी मुद्दाम कारण लिहिलं होतं. नुसतं नका करू म्हटलं तर कोणी ऐकत नाही, का नको ते सांगावं लागते. तुम्ही कारणच काढून टाकलं."

"हो."

"आणि मुकादमाचं काय केलं तुम्ही? पर्यवेक्षक? मुकादम हा शब्द कोणाला कळत नाही?"

आता त्यांचा आवाज चढला होता. मला वाटलं होतं ते चोरीबद्दल चिडतील. ते एका शब्दाबद्दल चिडले होते, आणि त्यांचं चिडणं मला माझ्या सगळ्या शिक्षकांपेक्षा जास्त कळलं. मी म्हटलं, "सर, तुमचा शब्द बरोबर होता." मग त्यांनी विचारलं, "भाऊ कसा आहे? खातं उघडलं का त्याचं?"

त्यांनी लेख चोरल्याची तक्रार केली. कुठे आणि कशी करायची ते मी शोधून दिलं, दोन्ही पानं शेजारी शेजारी ठेवून कोणतं वाक्य कशाचं केलं त्याचा तक्ता मीच बनवला. मला तो बनवताना काही आठवावं लागलं नाही. महिन्याभरानं ते पान दिसेनासं झालं. भाऊ तोवर कामावर परतला होता, दुसरा फोन घेऊन. मी पडघ्याला एका क्लासमध्ये मराठी शिकवायला लागले होते. मला वाटलं, संपलं.

पावसाळ्यानंतर कधीतरी सहज शोधलं तर तेच पान एका वेगळ्या वेबसाइटवर होतं. मालकाचीच, नाव नवं. ह्या वेळी मूळ लेखावरून केलेलं नव्हतं. माझ्या पानावरून केलेलं होतं. माझ्या 'उष्ण पेयाचे पात्र'चं 'गरम द्रवाचे भांडे' झालं होतं. आणि तळाशी, 'सदर पर्याय अंतिमतः निष्क्रिय करणे'. माझी चूक आता दुसऱ्याच्या शब्दांत होती. तिच्यावर तक्रार करायला त्या मूळ माणसाचं एकही वाक्य त्यात शिल्लक नव्हतं.

मी तिथेच बसून शिव्या दिल्या, ज्या मी सहसा देत नाही. इतका राग मला माझी नोकरी सुटली तेव्हाही आला नव्हता. जो दोन फोन घालवून एक गोष्ट शिकला आणि ज्यानं ती फुकट सांगितली, त्याचं नाव कुठेच नाही. ज्यांनी ती उलटी केली, त्यांच्या पानाखाली जाहिराती. आणि मध्ये कुठेतरी माझ्या भावासारखी माणसं, जी अजूनही असं धरून चालतात की छापलेल्या ओळीमागे कोणीतरी वाचणारं असतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ऑफिस सुटायच्या वेळी मी त्या कापडाच्या दुकानापाशी जाऊन उभी राहिले. माझ्या जागेवर आता एक बाई होत्या, माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठ्या, हे जुन्या सहकाऱ्याकडून कळलं होतं. त्या जिना उतरल्या तेव्हा मी पुढे झाले, मी आधी इथेच होते असं सांगितलं, आणि फोनवर ते पान दाखवलं.

"हे तुम्ही केलंत का?"

त्यांनी बघितलं. "केलं असेल. रोजचे आठ-दहा असतात. का हो?"

मी रस्त्याच्या कडेला उभ्या उभ्या सगळं सांगितलं. शेजारून रिक्षा जात होत्या, मध्ये मध्ये थांबावं लागत होतं. त्यांच्या हातात भाजीची पिशवी होती, ती त्यांनी दोनदा एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. घरी जायची घाई दिसत होती, तरी त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"अंतिमतः म्हणजे शेवटी, असंच ना?" त्यांनी विचारलं.

"हो. पण मूळ लेखात ते शेवटपर्यंत बंद ठेवायचं होतं. कधी चालू करायचंच नव्हतं, सगळं नीट चालतंय ह्याची खात्री होईपर्यंत."

"अगं बाई," त्या म्हणाल्या. मग जरा वैतागून, "पण मला कसं कळणार ते? माझ्याकडे आलं तेव्हा तसंच होतं."

"नाही कळणार," मी म्हटलं. "तुम्हाला कळूच नये अशीच ती रीत आहे."

त्यांनी मूळ ब्लॉगचा पत्ता मागितला, मी पाठवला. रिक्षात बसता बसता म्हणाल्या, "माझा मुलगा फोनमध्ये असलं काय काय करत असतो."

चार दिवसांनी त्यांचा निरोप आला. दोन ओळींचा. 'ती ओळ बदलली. सरांनी अजून बघितलं नाही.' मी पान उघडलं. ओळ बरोबर होती, आणि तिच्यापुढे त्यांनी स्वतःहून एक वाक्य घातलं होतं: तो चालू ठेवलात तर फोन उठता उठताच पडेल आणि आत जाता येणार नाही. साधं, बोलल्यासारखं. लाल-हिरव्याची पर्वा न करता लिहिलेलं.

मी ते वाक्य भावाला वाचून दाखवलं. तो टेम्पोचं मागचं फाळकं लावत होता. म्हणाला, "आता समजतं." आणि कडी अडकवली.

माझा राग मात्र गेलेला नाही. त्या विदर्भातल्या माणसाचं नाव त्या पानावर अजून नाही, आणि बाकीची पानं, हृदयाची, खताची, तापाच्या औषधाची, मी स्वतःच्या हातानं हिरवी केलेली, कुठे कुठे पसरलीत त्याचा मला पत्ता नाही. क्लासवरून आल्यावर आठवतील तशी एकेक शोधते. सापडलं की तिथल्या अभिप्रायात काय चुकलंय ते लिहिते, आणि खाली माझं पूर्ण नाव घालते. बहुतेक ठिकाणी ते दुसऱ्या दिवशी पुसलेलं असतं. मी परत लिहिते.